माळ्यावरची पेटी आणि मनातली बासरी

पत्राचा सारांश: वय ४४, बँकेत नोकरी, ठाण्यात सातव्या मजल्यावर फ्लॅट. मुलीची दहावी झाली आणि आता स्वतःसाठी थोडा वेळ मिळू लागला आहे. एखादं वाद्य शिकायचं आहे. माहेरी सकाळी रेडिओवर बासरी लागायची, तो आवाज अजून कानात आहे. पण ज्याला विचारावं तो वेगळंच सांगतो. नवरा म्हणतो कीबोर्ड घे, हेडफोन लावून वाजव. मुलगी म्हणते युकुलेले. सासूबाई म्हणतात, सासऱ्यांची पेटी (हार्मोनियम) माळ्यावर पडून आहे ती काढ, पेटी आली की सगळी वाद्यं येतात. मैत्रीण म्हणते, आधी दोन वर्षं गाणं शीक. पण शाळेत ‘सुरात नाही’ म्हणून समूहगीतातून काढलं होतं, तेव्हापासून गाण्याचं नाव नको वाटतं. रोज रात्री जेवणं उरकून साडेनऊनंतर अर्धा तास मिळेल. १५ हजारांपर्यंत खर्च करता येईल. याआधी योगाचा आणि चित्रकलेचा क्लास मध्येच सुटला, म्हणून या वेळी सर्वांत सोपं वाद्य निवडायचं आहे. ते कोणतं?

ताई,

तुमच्या पत्रात ‘सोपं’ हा शब्द चार वेळा आला आहे आणि बासरी एकदाच. तीही माहेरच्या आठवणीत, ओझरती. तरी पत्र वाचून लक्षात राहते ती बासरीच. कीबोर्ड, युकुलेले, पेटी आणि गाणं या चारही गोष्टी दुसऱ्या कुणीतरी सुचवलेल्या आहेत.

आधी ‘सोपं’ म्हणजे काय ते पाहू. प्रत्येक वाद्य अवघडच असतं, फक्त अडवण्याची जागा वेगळी. कीबोर्ड आणि पेटी पहिल्या दिवशी अडवत नाहीत. पट्टी दाबली की सूर तयार मिळतो. ती अडवतात सहा-आठ महिन्यांनी, बोटं वेगात चालवायची वेळ येते तेव्हा, किंवा आपलं वाजवणं सपाट, टाइप केल्यासारखं वाटू लागतं तेव्हा. गिटार पहिला महिनाभर बोटांची टोकं सोलवटून काढते, मग बरी वागते. तबल्यात ‘ना’ नीट वाजायलाच काही आठवडे जातात. व्हायोलिन वर्षभर तरी घरच्यांची परीक्षा पाहतं. बासरी सुरुवातीचे दोन-तीन आठवडे नुसती हवा सोडते, सूर देत नाही, पण एकदा ओठ बसले की पुढचा काही काळ मात्र झपाट्याने जातो. तेव्हा सोपं कोणतं यापेक्षा, कुठली अडचण तुम्ही चिडचिड न करता सोसाल ते पाहायला हवं. ज्या आवाजासाठी आपण तीस वर्षं थांबलो, त्या आवाजासाठी तीन आठवडे हवा फुंकणं बहुतेकांना जमतं. ज्या आवाजाशी देणंघेणं नाही, त्याच्यासाठी तीन दिवसही जड जातात.

आता शाळेतल्या त्या प्रसंगाबद्दल, कारण गाठ तिथेच दिसते. समूहगीताची पट्टी, म्हणजे गाण्याचा सा किती उंच धरायचा, ते साथीला बसणारे ठरवतात, आणि ती सगळ्या मुलांच्या गळ्याला झेपतेच असं नाही. ज्याचा आवाज तिथवर पोचत नाही त्याच्यावर बेसूर हा शिक्का बसतो. सुरांतला फरकच कळत नाही अशी माणसं असतात, पण फार थोडी. तुम्ही त्यांच्यात आहात का, हे घरच्या घरी पाहता येईल. मुलीला पेटीवर किंवा फोनमधल्या पियानोच्या ॲपवर बसवा आणि तुम्ही पाठ करून बसा. तिने दोन सूर एकामागून एक वाजवायचे, तुम्ही फक्त कोणता उंच ते सांगायचं. आधी लांबचे, सा आणि प. मग जवळचे, सा आणि रे. शेवटी अगदी शेजारचे, म्हणजे मधली काळी पट्टी धरून. अशा वीस जोड्या होऊ द्या. पंधरा-सोळा बरोबर आल्या तर कानाची काळजी सोडा. त्यानंतर एकच सूर तिने धरून ठेवायचा आणि तुम्ही तोंड मिटून गुणगुणत त्याच्यापाशी जायचं. सूर जुळायच्या जरा आधी दोन आवाजांत हेलकावे ऐकू येतात, जुळला की ते थांबतात. हे थांबणं ऐकू आलं, तर बासरीला लागणारा कान तुमच्याकडे आहे. गळा तयार असणं आणि कान तयार असणं या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तुमचा गळा कुणी घडवलेलाच नाही.

म्हणून मैत्रिणीचा सल्ला मी अर्धाच घेईन. आधी दोन वर्षं गाणं शिकायची गरज नाही. पण जे वाजवायचं ते आधी हळू आवाजात म्हणायचं, ही सवय मात्र पहिल्या दिवसापासून लावा. ‘सारेग, रेगम, गमप’ हा अलंकार तोंडात बसला की बोटांना वाट सापडते. स्वयंपाक करताना म्हटला तरी चालेल. तिथून कुणी काढून टाकत नाही.

सासूबाईंच्या वाक्यात तथ्य आहे, पण पुरतं नाही. पेटीवर सप्तक डोळ्यांना दिसतं. कोमल-तीव्र कुठे, पट्टी बदलली की काय सरकतं, हे समजायला तिच्याइतकं सोयीचं वाद्य नाही. पण पेटीचा सूर कारागिराने आधीच लावून ठेवलेला असतो, तो तुम्हाला घडवावा लागत नाही. बासरीत मात्र प्रत्येक सूर ओठांनी आणि बोटांनी त्या क्षणी घडवायचा असतो. पेटीवर मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणंही निघत नाही, आणि तिचा शुद्ध गंधार तंबोऱ्यातून उमटणाऱ्या गंधारापेक्षा किंचित चढा असतो. याच तक्रारींवरून आकाशवाणीने १९४० साली पेटीवर बंदी घातली आणि ती १९७१ च्या सुमारास सैल होऊ लागली. त्या बंदीने पेटीचं काही बिघडलं नाही हा भाग वेगळा. गोविंदराव टेंब्यांपासून गोव्यातल्या बोरीच्या तुळशीदास बोरकरांपर्यंत आपल्याकडे तिला एकल वादनाचा मान मिळाला. तेव्हा पेटी आवडत असेल तर पेटीच शिका, पूर्ण मनाने. फक्त बासरीच्या दाराशी जायची पायरी म्हणून दोन वर्षं तिच्यात घालवू नका. त्या पायरीवरच बसून राहणारे पुष्कळ असतात.

तरीही ती माळ्यावरून जरूर काढा आणि दुरुस्तीवाल्याकडे नेण्याआधी घरीच तपासा. पुढची सगळी खुंटी-बटणं, म्हणजे स्टॉप, आत ढकला. भाता पूर्ण भरून घ्या आणि हाताने दाबा. चांगल्या पेटीत भाता हाताला घट्ट विरोध करतो, लगेच बसत नाही. सुस्कारा टाकून खाली बसला, तर कातडं किंवा सांधे फाटलेत. मग एक मुख्य स्टॉप ओढा (एकच सूर सलग धरणारा नको), पट्टीला हात न लावता भाता हलवा. आपोआप सूर वाजू लागला, तर कुठली तरी पट्टी नीट बसत नाही. बहुतेक वेळा खाली कचरा असतो किंवा ओलीने लाकूड फुगलेलं असतं. मग डावीकडून उजवीकडे एकेक पट्टी दाबत जा. लहान पेटीला ३७ आणि मोठीला ४२ पट्ट्या असतात. मुके सूर खडूने खुणा करून ठेवा. मुका सूर दिसला की टाचणी घालून खुडखुड करायचा मोह होतो, तो आवरा. आतली पितळेची पत्ती केसभर वाकली तरी सूर कायमचा हलतो. उंदरांनी कातडं कुरतडलंय का तेही झाकण उघडून बघा. दोन-चार मुके सूर आणि थोडा गळका भाता हे काम काही हजारांत होतं. पण भाता पूर्ण बदलायचा, निम्मे सूर लावायचे, शिवाय कातडंही गेलेलं, असा हिशेब निघाला तर तुमच्या १५ हजारांतला मोठा वाटा तिकडे जाईल. मग ती आठवण म्हणून ठेवा, शिकायचं वाद्य म्हणून नको.

कीबोर्डचा सल्ला वाईट नाही. सातव्या मजल्यावर रात्री साडेनऊला शेजाऱ्यांना त्रास न देता पूर्ण आवाजात वाजवता येईल असं यादीतलं हे एकच वाद्य. ज्यांना फक्त उशिराचाच वेळ आहे आणि चित्रपटगीतांच्या चाली, थोडे कॉर्ड (एकदम वाजवलेले तीन-चार सूर) असं काही हवं आहे, त्यांनी कीबोर्डच घ्यावा. घेताना ६१ पूर्ण आकाराच्या पट्ट्या आणि दाबानुसार आवाज कमी-जास्त होण्याची सोय, म्हणजे टच रिस्पॉन्स, या दोन गोष्टी पाहा. अरुंद पट्ट्यांचे छोटे कीबोर्ड दिसायला सुबक असतात, पण बोटांना चुकीचं अंतर शिकवतात. आणि शिकताना तो तयार ताल वाजवणारा भाग पहिले तीन महिने बंद ठेवा. तो चालू असला की वाजवतं यंत्र आणि समाधान आपल्याला होतं.

युकुलेलेही गोड वाद्य आहे. चार नायलॉनच्या तारा, आवाज मऊ, बोटांना त्रास कमी. सी कॉर्ड तर एका बोटाने लागतो. नवीन तारा पहिला आठवडा-दोन आठवडे ताणत राहतात, रोज उतरतात, म्हणून वाद्य खराब निघालं असं समजून कित्येक जण ते बाजूला टाकतात. पण तुमच्यापुरती त्यात एक मेख आहे, जी मुलीला दिसणार नाही. युकुलेले सुरुवातीला मुख्यतः साथीचं वाद्य म्हणूनच शिकवलं जातं. कॉर्ड वाजवायचे आणि वरून गायचं. न गाता नुसते कॉर्ड फार तर दहा मिनिटं बरे वाटतात. ज्यांना गायला संकोच वाटतो त्यांना एकट्याने वाजवून पूर्ण वाटेल असं, चाल काढणारं वाद्य हवं. तबल्याचंही थोडं तसंच. तो शिकायला सुंदर, पण कुणाबरोबर वाजवणार हा प्रश्न वर्षभरात उभा राहतो. वाद्य निवडताना हा भेद फारसा कुणी सांगत नाही.

म्हणून माझं मत बासरीकडे झुकतं. आता ती घ्यायची कशी ते सांगते, कारण इथे चुका फार होतात.

जत्रेत फुग्यांबरोबर मिळते ती नको. तोंडात धरून शिट्टीसारखी वाजवायची असते तीही नको. तुम्हाला हवी आडवी, सहा भोकांची, कारागिराने सुरात लावलेली बांबूची बासरी. बासरीवर लिहिलेली पट्टी म्हणजे वरची तीन भोकं बंद केल्यावर येणारा सूर, तोच आपला सा. मैफिलीत बहुतेक ऐकू येते ती पांढरी तीनची (पेटीवर सी पासून मोजलेली तिसरी पांढरी पट्टी), म्हणजे ई स्केलची, सुमारे अडीच फुटांची. पन्नालाल घोषांनी लांब बासरी शास्त्रीय मैफिलीत रुजवली आणि हरिप्रसाद चौरसियांनी ती घराघरात पोचवली, त्यामुळे सगळ्यांना तीच हवी असते. पण भोकांमधलं अंतर नवख्या हाताला झेपत नाही, अनामिका भोकावर पुरती बसत नाही, आणि सूर फाटतो तो फुंक चुकली म्हणून असं वाटत राहतं. उलट दीड फुटांची पांढरी एकची बासरी बोटांना सोपी, पण आवाज टोचरा. शेजारी पहिल्या आठवड्यात दार वाजवतील. मधली पांढरी पाचची, जी स्केलची, सुमारे दोन फुटांची घ्या. बोटं अगदीच लहान असतील तर पांढरी सहाची. बऱ्या कारागिराची अशी बासरी दुकान आणि बांबूप्रमाणे एक ते अडीच हजारांत मिळते.

दुकानात तुम्हाला वाजवता येणार नाही, तेव्हा शिक्षकाला बरोबर न्या किंवा दुकानदाराला वाजवायला सांगा. फोनवर ट्यूनरचं, म्हणजे सूर मोजणारं मोफत ॲप, ४४० हर्ट्झ या नेहमीच्या मापावर लावलेलं. वरची तीन भोकं बंद: जी दिसला पाहिजे. सहाही बंद, हलकी फुंक: खालचा डी. परत तीन बंद, पण तार सप्तकात: पुन्हा जी. तिन्ही वेळा सुई मध्याच्या आसपास राहिली तर बासरी ठीक. खालचा सा सुरात आणि वरचा उतरलेला, असा प्रकार स्वस्त बासऱ्यांत नेहमी असतो, आणि तो शिकणाऱ्याच्या फुंकेने दुरुस्त होत नाही. नळी उजेडात धरून लांबीच्या दिशेने बारीक तडा नाही ना, तेही पाहून घ्या. ऑनलाइन मागवणार असाल तर ‘तीन भोकं बंद केल्यावर कोणता सूर?’ हा प्रश्न आधी लिहून विचारा, कारण काही विक्रेते सहाही बंद केल्यावरच्या सुरावरून नाव देतात.

पहिले दोन आठवडे बोटं लावूच नका. सगळी भोकं मोकळी ठेवून नुसता आवाज काढा. ओठ हलके ताणलेले, मधे तांदळाच्या दाण्याएवढी फट, फुंकेचं भोक खालच्या ओठाने साधारण पाव भाग झाकलेलं. फुंक भोकात नाही, भोकाच्या पलीकडच्या काठावर पडायला हवी. आरशासमोर बसा आणि सूर लागला त्या क्षणी बासरी किती फिरलेली आहे ते पाहून नळीवर पेन्सिलीने खूण करा. पाच मिनिटांनी गरगरेल. दम कमी आहे म्हणून नव्हे, नवशिका फार जास्त हवा फुंकतो म्हणून. बासरी खाली ठेवा, दोन मिनिटं साधा श्वास घ्या, मग पुन्हा. सूर लागू लागला की हवा आपोआप कमी लागते. तीच प्रगतीची पहिली खूण.

मग बोटं. बोटांची टोकं नव्हेत, पेराचा मऊ भाग भोकावर ठेवायचा, आणि दाबायचं नाही. घट्ट दाबलं की हात आखडतो आणि नेमकं अनामिकेखालून हवा निसटते. सा, रे, ग एका बैठकीत येतील: वरची तीन बंद, दोन बंद, एक बंद. पुढे ‘म’ अडवतो. शुद्ध मध्यमाला पहिलं भोक अर्धंच झाकायचं असतं. पुरतं उघडलं की तीव्र मध्यम लागतो, आणि कित्येक जण महिनोन्‌महिने तीव्र मध्यमालाच शुद्ध समजून वाजवतात. मुलीने पेटीवर म धरला तर चूक लगेच कळते. म्हणूनच ती पेटी हवी.

आणि ‘म’वरून ‘प’वर जाताना बासरीची खरी परीक्षा असते. मध्यमाला जवळजवळ सगळी भोकं उघडी, पंचमाला सहाही बंद आणि फुंक वरच्या सप्तकाची. सहा बोटं एकदम खाली पडायची, त्याच क्षणी ओठ जरा आवळायचे. एक बोट पाव सेकंद उशिरा पडलं तरी चिरका आवाज. बासरी सोडणारे बहुतेक इथे सोडतात, साधारण दुसऱ्या महिन्यात, आणि ‘माझ्यात सूरच नाही’ असं म्हणून सोडतात. ही सुराची नव्हे, कवायतीची अडचण आहे. रोज पाच मिनिटं फक्त म-प, प-म करा, मिनिटाला ६० मात्रांच्या लयीत, चार मात्रांना एक सूर. पंचमासाठी जोराने फुंकू नका. जोराने फुंकून वरचं सप्तक मिळतं, पण चढं आणि कर्कश मिळतं. फट लहान करा.

वेळेबद्दल तुम्हाला थोडा बदल करावा लागेल. जेवण झाल्यावर लगेच फुंकेचं वाद्य वाजत नाही, भरल्या पोटी श्वास खाली उतरत नाही. त्यात रात्रीची वेळ आणि सातवा मजला. सकाळी आंघोळीनंतर वीस मिनिटं, नाहीतर ऑफिसातून आल्यावर जेवणाआधी, हे बघा. आठवड्यातून सहा दिवस वीस मिनिटं पुरतात. रविवारचे सलग दोन तास ओठांना दमवतात, बाकी काही करत नाहीत. रात्रीचे साडेनऊ वाया जात नाहीत. तेव्हा अलंकार म्हणा, ताल हातावर धरा, चांगली बासरी ऐका. आणि वेळ बदलणं अजिबातच शक्य नसेल, तर मात्र प्रामाणिकपणे नवऱ्याचा कीबोर्ड मान्य करा. जे वाजवताना दर वेळी शेजाऱ्याचा विचार येईल ते वाद्य टिकत नाही.

मागचे क्लास का सुटले, हेही एकदा तारखा काढून पाहा. बँकेत मार्चअखेर म्हणजे काय असतं ते तुम्हाला सांगायला नको. फेब्रुवारीत सुरू केलेला कुठलाही क्लास महिन्याभरात सुटणारच. त्यात तुमच्या चिकाटीचा दोष कमी, कॅलेंडरचा जास्त. एप्रिलचा दुसरा पंधरवडा उजाडला की सुरुवात करा.

बासरीसाठी पहिले आठ-दहा धडे तरी समोर बसून घ्यावेत. ओठांचा कोन कॅमेऱ्यातून नीट दिसत नाही. बासरी विकत घेण्याआधीच शिक्षक ठरवा, कारण काही शिक्षक सगळ्या वर्गाला एकाच पट्टीची बासरी घ्यायला लावतात. त्यांना विचारा: मोठ्या वयाचे शिकणारे आहेत का, एक दिवस नुसतं बसून पाहता येईल का, बुडलेल्या तासाचं काय. पहिल्या भेटीतच ‘सहा महिन्यांत स्टेजवर’ असं कुणी म्हणालं तर नमस्कार करून निघा. गांधर्व महाविद्यालय मंडळाची प्रारंभिक परीक्षा पुढे द्यायला हरकत नाही, काहींना तारखेचा धाक लागतो. पहिल्या वर्षी मात्र तिच्यासाठी राग पाठ करत बसू नका.

पैशांचा हिशेब असा मांडेन: बासरीला दोन हजार, पेटीच्या दुरुस्तीला जास्तीत जास्त तीन-चार हजार, तंबोऱ्याचं ॲप फुकट, उरलेलं सगळं शिक्षकाच्या फीला. १५ हजारांचं वाद्य आणि फुकटचे व्हिडिओ यापेक्षा दोन हजारांचं वाद्य आणि चार महिने माणूस, हे केव्हाही बरं. बारा आठवड्यांनी तपासा. सा आठ सेकंद न डगमगता टिकतो का? म आणि प यांच्यात चिरका आवाज दहांतून दोनदाच येतो का? एखादी साधी, ओळखू येईल अशी चाल मुलीने ओळखली का? तीनही ‘नाही’ असतील आणि सराव खरंच झाला असेल, तर वाद्य बदला, त्यात कमीपणा काही नाही. दोन हजारच गेले, आणि कान तयार झाला तो पेटीवरही उपयोगी पडतो.

तुमच्यासारखीच पत्रं इतरांचीही येतात, म्हणून थोडं त्यांच्यासाठी. सहा-सात वर्षांच्या मुलांना आधी ताल आणि सरगम. बासरीची भोकं झाकली जातील इतकी बोटं वाढू द्या. व्हायोलिन लहान आकारात मिळतं, तेव्हा मोठं घेऊन ‘वाढत्या वयाचं’ असा कपड्यांसारखा हिशेब करू नका. साठीनंतर सुरू करणाऱ्यांची बोटं सांध्यांनी धरलेली असतील तर पेटी किंवा कीबोर्ड बरा. सितार नको, तिथे तार ओढायला जोर लागतो आणि मांडी घालून बसणं चुकत नाही. समोरचे दात नवे बसवलेले असतील तर कवळी पक्की झाल्यावरच बासरी. दमा असेल तर डॉक्टरांना विचारून. सितारीवरच जीव असेल, तर मिरजेच्या कारागिरांची चांगली सितार १५ हजारांत बसत नाही. घाईने शोपीस घेण्यापेक्षा शिक्षकाकडची सहा महिने वापरा. आणि परदेशात थंडीत घर तापवून राहणाऱ्यांनी बांबू हीटरपासून लांब, कापडी पिशवीत ठेवावा. कोरड्या हवेत तो रातोरात तडकतो. आपल्याकडे उलट संकट: पावसाळ्यात आत बुरशी धरते, तेव्हा वाजवून झालं की काठीला मऊ कापड गुंडाळून नळी आतून पुसायची आणि दोन-तीन महिन्यांनी बदामाच्या तेलाचा हलका हात फिरवायचा.

पेटी दुरुस्त होऊन आली तर एक करा. जी स्केलच्या बासरीसाठी पेटीवर पांढरी पाच हा सा आणि तिच्या वरची पांढरी दोन हा प. मुलीने त्या दोनच पट्ट्या दाबून भाता संथ हलवायचा, सायकलच्या पंपासारखा नव्हे, आणि तुम्ही त्यावर फक्त सा लावायचा. जुन्या पेट्या कधीकधी ४४० वर लावलेल्या नसतात. जुळत नसेल तर आधी बासरीत मिनिटभर गरम श्वास सोडा, गार बासरी उतरलेली वाजते. तरीही हेलकावे राहिले तर दोष पेटीचा. दुरुस्तीवाल्याला सांगताना ‘४४० ला लावून द्या’ असं पावतीवर लिहून घ्या.